ठकूबाईचा पाळणा

रामनवमीला अचलनाथ महाराज पिंपळखेडीच्या राममंदिरात उतरले होते. बारा वाजता रामजन्म व्हायचा, आणि पाळणा म्हणायचा मान गावच्या सुईणीचा, ठकूबाईचा. पाळणे ती स्वतःच रचायची. अक्षरओळख नव्हती, पण गळा असा की ऐकणाऱ्याने हातातलं काम विसरावं!

यंदाचा नवा पाळणा तिने काकड आरतीनंतर महाराजांना म्हणून दाखवला:

"रड रे रामा, रड रे राजा,
तुझ्या रडण्यात जीव माझा."

कीर्तनकार वामनबुवा भडकलेच. "जन्माच्या दिवशी देवाला रडायला सांगतेस? काही अर्थ आहे का या गाण्याला? असेल तर सांग चारचौघांत, नाहीतर पाळण्याची दोरी सोड. कायमची!"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. ठकूबाईचा आयुष्यभर जपलेला मान जाणार होता. "मला न्हाई सांगता येत, बुवा. आतनं आलं तसं गायले."

महाराज म्हणाले, "अर्थच हवा ना? बारा वाजू देत. रामरायच सांगतील."

इतक्यात बुवांच्या घरून हाक आली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली त्यांची लेक मथुरा रात्रभर लाजेने कळा लपवत होती; आता ती अडली होती. अपमान गिळून ठकूबाई धावली, मागोमाग बुवाही.

बाराच्या सुमाराला बाळ बाहेर आलं, पण निळं, निपचित. ठकूबाईने पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. हूं नाही की चूं नाही! दाराबाहेर बुवा रामनाम जपू लागले. "महाराज, धावा हो!" ठकूबाईने मनातच टाहो फोडला.

निरोप घेऊन कोणी गेलं नव्हतं. तरी देवळात बारा वाजले आणि महाराजांनी पाळण्याची दोरी स्वतः धरली. "रड रे रामा, रड रे राजा..." सारं देऊळ मागोमाग गाऊ लागलं. सूर बुवांच्या घरापर्यंत आला. ठकूबाईने बाळाला छातीशी घेऊन तीच ओळ धरली. दाराबाहेरून बुवाही म्हणत होते, "रड रे राजा, एकदा रड!"

आणि बाळ रडलं. असं रडलं की सगळ्या आळीने ऐकलं!

बुवांनी धावत जाऊन महाराजांचे पाय धरले.

महाराज म्हणाले, "कळला का अर्थ?"

"कळला, महाराज. त्या रडण्यातच जीव अडकला होता माझा."

"मग वाकायचं ते तिकडे."

मागून ठकूबाई येत होती. बुवांनी सगळ्यांसमोर तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि दोरी तिच्या हाती दिली. पिंपळखेडीत रामजन्माला पुढे हाच पाळणा राहिला, आणि तिच्या मागोमाग पहिला सूर वामनबुवांचा असे.