कंटकनाथाला न सापडलेला टाका

एका राज्यात शिवलेले काहीच टिकत नसे. शिंप्याने अंगरखा शिवावा, गिऱ्हाइकाने तो हातात घेऊन शिवण पाहावी, आणि पाहता पाहता दोन्ही बाह्या गळून खाली पडाव्यात! टाक्यावर नजर पडली की टाका सुटे. राजा रत्नशेखर दोन उपरणी गुंडाळून सिंहासनावर बसे, आणि प्रधानजी एका हाताने मुजरा करीत, दुसऱ्या हाताने शालीची गाठ धरून ठेवीत.

हा शाप होता कंटकनाथ मायाव्याचा. फार पूर्वी तो ठिगळ लावलेला झगा घालून दरबारात आला होता. ते ठिगळ पाहून सारा दरबार खो खो हसला. कंटकनाथाचे डोळे निखाऱ्यासारखे झाले. तो म्हणाला, "टाका पाहून हसता? आता या राज्यात दिसेल तो टाका उसवेल. माझ्या डोळ्यांना सापडणार नाही असा टाका कुणी घालील, तेव्हाच शाप फिटेल!"

त्याच राज्यात हौसाबाई राहत होती. एके काळी तिच्या हातच्या गोधड्या गावोगाव जात. आता तिच्या मशीनवर कोळ्यांनी जाळी विणली होती. त्या हिवाळ्यात तिची लेक शेवंता बाळंत झाली. मुलगी दिवस भरण्याआधीच आलेली, ओंजळीत मावेल एवढी. उत्तरेचा वारा सुटला आणि बाळाचे तळवे निळे पडू लागले. वैद्यबुवा म्हणाले, "हिला एकसारखी ऊब हवी. गोधडीत ठेवाल तर जगेल."

हौसाबाईने डोळे मिटून हाताने गोधडी शिवली. शेवंताने ती उचलली मात्र, नजर टाक्यांवर गेली आणि गोधडीचे थर पत्त्यांसारखे घसरून पडले.

"आई, आता गं काय करायचं?" शेवंता रडू लागली.

"न दिसणाऱ्या दोऱ्यानं शिवायचं!" खिडकीतून आवाज आला. पानांना टाके घालून घरटे करणारा शिंपी पक्षी गजावर बसला होता.

"असा दोरा मिळतो कुठं रे, पाखरा?"

"नागाच्या खजिन्यात. पण तिथल्या सोन्याकडे जो बघतो, त्याचा दगड होतो. तीन कामं आहेत, बाई. दोरा आणायचा. दोऱ्याला वठणीवर आणायचं. तिसरं आत्ता सांगत नाही, घाबरशील."

"मी घाबरायला बसलेय का इथं?" हौसाबाईने पदर खोचला आणि ती निघालीसुद्धा.

नागाच्या गुहेच्या तोंडाशी तिने पदर सोडून डोळ्यांवर घट्ट बांधला. चाचपडत आत शिरली, तेव्हा हाताला दगडाची माणसे लागली. एकाचा हात अजून पुढे पसरलेला होता.

"कोण आहे?" नागाने विचारले.

"हौसा. गोधडीवाली."

"काय हवे?"

"दोरा."

"माणके घे, मोती घे. एकदा बघ तरी!"

"बघून काय करू? माझी नात तिकडं गारठलीय."

नाग बाजूला सरकला. हौसाबाईची बोटे नाण्यांवरून, हारांवरून फिरली आणि एका रिळापाशी थांबली. केसाहून बारीक, माशासारखा निसटता दोरा! ती रीळ उराशी धरून धावत सुटली.

घरी येऊन तिने मशीन पुसले, तेल घातले, दोरा ओवला. घट्ट टाका हा हौसाबाईचा अभिमान. तिने सवयीने ताणाचा स्क्रू करकचून आवळला. मशीन धडधडले, दोऱ्याने रिळावरून वेटोळ्यांवर वेटोळी टाकली, गोधडी वाळल्या पानासारखी आक्रसली आणि दोरा तटकन तुटला.

"गोधडी शिवतेस की पोत्याचं तोंड बांधतेस?" पक्षी म्हणाला.

"हसू नकोस. सांग कसं शिवू ते."

"हा दोरा ओढला की लांबतो, सोडला की आखडतो. याला जबरदस्ती चालत नाही."

हौसाबाईने स्क्रू सैल केला. बारीक सुई लावली. रीळ तांब्यात ठेवून तांब्या मशीनच्या मागे ठेवला, तसा दोरा शहाण्या मुलासारखा वर येऊ लागला. तिने चाक हळू फिरवले. काहीच दिसेना! पण बोट फिरवले तर टाका लागत होता. हिरवा तुकडा निळ्याला धरून होता, निळा पिवळ्याला. "धरलं गं, शेवंता, धरलं!" ती ओरडली.

आनंदाने तिने गोधडी उलटी केली. मागे मशीनखालच्या बॉबीनमधल्या पांढऱ्या दोऱ्याची ओळ दिसली. सर्र! सगळे उसवले.

मग तिने बॉबीनमध्येही न दिसणारा दोरा भरला. दोन्ही दोरे निसरडे, एकमेकांना धरीनात. शिवण सुळकन सुटली.

"हेच तिसरं काम," पक्षी हळूच म्हणाला. "मलाही ते येत नाही. माझ्या घरट्याची मागची बाजू कोण बघतंय?"

बाळाने रडणेही सोडले होते. हौसाबाईने गोधडीच्या पाठीला लावलेले आपले जुने अंजिरी लुगडे मुठीत आवळले, आणि कडेचे एक सुटे सूत तिच्या बोटात अडकले. ती थबकली. सुतावरून तिची नजर लुगड्यावर गेली, लुगड्यावरून सुतावर.

"अगं, हे सूत म्हणजे कापडच की!"

तिने लुगड्याच्या लांबीतून सुतामागून सूत ओढले, पिळले आणि बॉबीनवर भरले. वर न दिसणारा दोरा, खाली हे सूत, असे मशीन पुन्हा चालू लागले. अंजिरी सूत अंजिरी कापडात असे मिसळले, जसे पाण्यात पाणी. शेवंताने गोधडी उलटून पाहिली, पालटून पाहिली. एकही थर हलला नाही! बाळाला आत गुंडाळले, आणि थोड्याच वेळात त्याचे तळवे गुलाबी झाले.

टाका टिकल्याचे कंटकनाथाला डोंगरावर कळले. तो वाऱ्यावर बसून आला आणि त्याने दोघींना बाळासकट दरबारात नेले. त्याने गोधडी वरून पाहिली, खालून पाहिली, उजेडाला धरली.

"टाका कुठे आहे?" शेवटी कंटकनाथाने विचारले.

"आहे. सापडत नाही तुम्हाला," हौसाबाई म्हणाली.

मायाव्याने मान खाली घातली. "शाप फिटला. बाई, माझे हे ठिगळही सुटत आले आहे. तेही असेच लाव, कुणाला दिसू नये."

"नाही बाबा. आता लपवायचं कशाला?"

हौसाबाईने सुईत लालभडक दोरा ओवला आणि भर दरबारात ठिगळाला मोठेमोठे टाके घातले. राजाने ते पाहिले. प्रधानजींनी पाहिले. कुणी हसले नाही, आणि एकही टाका उसवला नाही. राजाने उठून त्या झग्याला नमस्कार केला, तेव्हा कंटकनाथ लहान मुलासारखा रडला.

कंटकनाथाने फुंकर घातली, तसे नागाच्या गुहेतले दगडही पुन्हा माणसे होऊन घरी परतले. शिंप्यांची दुकाने उघडली. हौसाबाईने मात्र घरी येताच नातीच्या गोधडीच्या चारी कडांना तोच लाल दोरा घातला, आणि येईल त्याला म्हणू लागली, "बघा, बघा, नीट बघा माझा टाका!"