खराट्यानं पाला परत आणला

जवा झाडं, जनावरं, अवजारं समदी बोलायची, माणसंच तेवढी जरा गप बसायची, त्या सुखाच्या काळातली ही गोष्ट.

एका परसात डाळिंबीचं झाड वाळत चाललेलं. मालकीण म्हणाली, "औंदा कळी न्हाई धरली, तर तोडायचं."

त्या झाडाखाली गांडूळमावशी शाळा भरवायची; खराटा, कोंबडी, समदी तिथं शिकायला यायची. तिला ना डोळे, ना हात, पण तिच्यावाणी शिकवणारं दुसरं कुणी न्हवतं. ती म्हणाली, "डाळिंबी उपाशी हाय. तिचं जेवण रोज कोण उचलून नेतंय?"

समद्यांनी खराट्याकडं बघितलं. खराटा ताठला. "म्या वाळला पाला झाडतो. अंगण आरशावाणी ठेवतो."

"आरसा खाऊन पोट भरतंय व्हय रं?" मावशी हसली. "पण पाला गोळा करावा तो तूच. आता तो बुंध्यापासून वीतभर सोडून पसर, मी कुजवते. आन कोंबडे, उकरायचं न्हाई."

"मग म्या शाळेत करू काय?" कोंबडीनं इचारलं.

"कडंला शिटत बस. तेबी खतच."

खराट्यानं लाजत उलटं झाडायला घेतलं. पाल्याखाली ओल टिकली, माती भुसभुशीत झाली, डाळिंबी लाल कळ्यांनी भरली. मालकिणीनं कुऱ्हाड माळ्यावर टाकली.

शेजारचे खराटे शिकायला आले, तशी मावशी मातीत शिरत म्हणाली, "त्यालाच इचारा. आता मास्तर त्यो. मला जेवू द्या."