परक्या कॅमेऱ्यावरची लेन्स

"कडी खोटी आहे की लेन्स खोटी आहे? एवढंच सांगा, मास्तर."

शाल्मली हेरवाडेनं कॅमेरा टेबलावर ठेवला. ती स्वतः मात्र बसली नाही.

यासीन मास्तर एका लेन्सच्या आतली बुरशी पुसत होते. हातातलं काम पुरं झाल्याशिवाय ते बोलत नसत. शाल्मलीला हे माहीत होतं. तरी तिनं पुन्हा विचारलं.

मास्तरांनी काच उजेडात धरली, पाहिली, खाली ठेवली.

"बस," ते म्हणाले.

मिरजेत चाळीस वर्षं ते कॅमेरे आणि लेन्स दुरुस्त करत होते. दुकान म्हणजे एक टेबल, दोन स्टुलं आणि एक मोठी खिडकी. जयसिंगपूरची शाल्मली त्यांच्याकडे दोन वर्षं शिकली होती. नऊ वर्षांपूर्वी एके दिवशी ती म्हणाली, "मास्तर, नजरेनं अंतर मोजायला कशाला शिकायचं? आता कॅमेरेच बघतात." दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

पुढे तिचं नाव झालं. कुस्तीचं मैदान म्हटलं की शाल्मली हेरवाडे. तिचे फोटो वर्तमानपत्रांत आले, तालमींच्या भिंतींवर लागले.

गेल्या महिन्यात तिनं जुना कॅमेरा विकला आणि दुसऱ्या कंपनीचा नवा घेतला. आरसा नसलेला, हलका, सगळे घेतात तसला. जुन्या कंपनीच्या पाच लेन्स मात्र घरात राहिल्या. त्या नव्या कॅमेऱ्यावर बसेनात, म्हणून तिनं मधली कडी मागवली. कडी एका बाजूनं लेन्सला धरते, दुसऱ्या बाजूनं कॅमेऱ्याला.

लेन्स बसली. खट् असा आवाजही आला.

पण नव्या कॅमेऱ्याला ती ओळखता येईना. पडद्यावर अक्षरं यायची : लेन्स लावलेली नाही.

"समोरचं सगळं त्याच लेन्समधून दाखवतो, आणि वर म्हणतो लेन्स नाही," शाल्मली म्हणाली.

"तरी फोटो निघाले?"

"निघाले. सेटिंगमध्ये जाऊन सांगावं लागलं, लेन्स नसली तरी काढ म्हणून. फोकस फक्त हातानं करावा लागतो."

"मग?"

"मग काय... वाट लागली."

मास्तरांनी लेन्स काढली, कडी वेगळी केली. व्हर्निअर घेऊन तिची जाडी चार ठिकाणी मोजली. मग कडीतून खिडकीबाहेर पाहिलं.

"यात तर काचसुद्धा नाही," शाल्मली म्हणाली. "नुसतं पोकळ नळकांडं."

"काच कशाला हवी? जुन्या कॅमेऱ्यात मध्ये आरसा होता, म्हणून लेन्स लांब बसायची. आरसा गेला, लेन्स जवळ आली. जवळून तिला नीट दिसत नाही. कडी तेवढं अंतर परत देते."

"बरोबर देते का?"

"बरोबर देते. कडी खरी आहे."

त्यांनी पुन्हा सगळं जोडलं. खिडकीतून दूरच्या पाण्याच्या टाकीवर नेम धरला. टाकीवर रंगवलेलं पालिकेचं नाव पडद्यावर मोठं करून पाहिलं. अक्षरांच्या कडा सुरीसारख्या आल्या होत्या.

"लेन्स खरी आहे."

"आणि कॅमेरा?"

"त्याला काय झालंय?"

शाल्मलीचा चेहरा लाल झाला.

"कडी खरी, लेन्स खरी, कॅमेरा खरा. मग राहिलं कोण?"

शेजारच्या दुकानात कुणीतरी सतारीची एकच तार पुन्हा पुन्हा छेडून पाहत होतं...

"फोटो दाखव," मास्तर म्हणाले.

फोटो दिगंबर ऐनापुरेचे होते. दिगंबर अडतीस वर्षांचा पैलवान. गुडघे गेलेले. गावच्या जत्रेत शेवटची कुस्ती खेळायची आणि लंगोट खुंटीला टांगायचा, असं त्यानं जाहीर केलं होतं. समोरचा गडी पंधरा वर्षांनी लहान. कुणालाच आशा नव्हती. मातीच्या कडेला बसायला पंचांनी एकट्या शाल्मलीला परवानगी दिली होती.

एकोणिसाव्या मिनिटाला दिगंबरनं ढाक मारली. तरणा गडी अख्खा हवेत गेला आणि पाठीवर पडला. लोकांनी फेटे उडवले.

ढाकेचे अकरा फोटो होते. अकराही फोटोंत पैलवान पुसट होते. स्वच्छ दिसत होता तो आखाड्यापलीकडचा लाऊडस्पीकरचा खांब.

मास्तरांनी भिंग लावून एकेक फोटो पाहिला. मग मागे गेले.

"हा ढाकेच्या आधीचा?"

"हो."

"हा तर स्वच्छ आहे."

"तेव्हा नुसती खडाखडी चालली होती, हाताला हात लावून अंदाज घेणं. निवांत होतं."

"याला कडी दुसरी होती?"

"नाही."

"लेन्स?"

"तीच..."

मास्तरांनी भिंग ठेवलं.

"ढाक लागली तेव्हा तुझा डावा हात कुठे होता?"

शाल्मलीनं कॅमेरा उचलला, डोळ्याला लावला. त्या दिवशी जसं झालं तसं करून पाहिलं. दोघे रेटारेटीत पलीकडच्या कडेला गेले होते. तिनं फोकस तिथे नेऊन ठेवला, खांबाशी. मग दोघे चार पावलांत अलीकडे आले, अगदी तिच्यासमोर. आणि तिनं... तिनं बटण अर्धं दाबलं होतं. जुना कॅमेरा अर्धं बटण दाबलं की स्वतः लेन्स फिरवायचा आणि बारीक शिटी द्यायचा. ती शिटीची वाट बघत राहिली होती. शिटी आली नाही, तेव्हा पूर्ण दाबलं.

डावा हात लेन्सखाली होता. नुसता आधाराला.

"तो हललाच नाही," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

मास्तरांनी मान डोलावली.

"तारांची कडी मिळते ना? तिच्यातून कॅमेरा लेन्सशी बोलतो म्हणे."

"मिळते. या लेन्सला चालेल अशीही मिळते. पुण्यात विचार."

"घेऊ?"

"घे की. मैदानासाठी तीच बरी."

शाल्मलीला वाटलं होतं, ते नको म्हणतील. तिला भांडायला काही उरलं नाही.

"पैलवानाला हे दाखवलेस?" मास्तरांनी विचारलं.

"नाही."

"काय सांगितलंस?"

ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

"सांगितलं की कार्ड बिघडलं. शेवटचे फोटो त्यातून निघत नाहीत, पुण्याला पाठवलंय. त्यांची बायको रोज फोन करते. ताई, कायतरी निघालं का बघा की, म्हणते. शेवटची कुस्ती होती. दुसऱ्या कुणाकडेच जवळून काढलेला फोटो नाही."

"आणि कार्ड?"

"हे काय... कॅमेऱ्यातच आहे."

मास्तरांनी लेन्स कॅमेऱ्यावरून उतरवली आणि तिच्या हातात दिली. कॅमेरा कपाटात ठेवला.

"ही घेऊन जा. आठ दिवसांनी ये."

"नुसती लेन्स घेऊन काय करू?"

"फिरव."

शाल्मली रागानं घरी गेली. दोन दिवस तिनं लेन्स पिशवीतून काढलीही नाही. तिसऱ्या दिवशी तालमीत जाऊन कडेला बसली. लेन्सच्या अंगावर अंतराचे आकडे असतात. समोरच्या पैलवानांकडे बघायचं, लेन्सकडे न बघता ती हातानं फिरवायची, मग आकडा वाचायचा आणि टेपनं खरं अंतर मोजायचं.

पहिल्याच खेपेला हात नऊ फुटांवर थांबला. टेप म्हणाली, तेरा.

"ताई, कॅमेरा घरी विसरला काय?" वस्तादांनी विचारलं. पैलवान हसले.

तिला उठून जावंसं वाटलं. गेली नाही. दिगंबरच्या बायकोचा फोन त्याही दिवशी येऊन गेला होता. तो तिनं उचलला नव्हता.

आठव्या दिवशी एक पैलवान दुसऱ्याला रेटत तिच्याकडे आला, आणि तिच्या लक्षात यायच्या आत हात फिरला होता. तिनं आकडा पाहिला. टेप लावली. अर्ध्या फुटाचाही फरक नव्हता.

हे सांगायला ती मिरजेला आली. मास्तरांनी कपाटातून कॅमेरा काढून दिला. हाताचं काय झालं, ते विचारलंच नाही.

"फोन येतो?"

"येतो."

"आज आला?"

"अजून नाही."

"मग तो यायच्या आत पोचशील," मास्तर म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

दिगंबर अंगणात गुडघ्याला शेक देत बसला होता. बायको, सुमित्रा, लगबगीनं बाहेर आली.

"निघालं का ताई?"

शाल्मलीनं अकरा फोटो छापून आणले होते. ते तिनं बाजेवर मांडले.

"कार्ड बिघडलं नव्हतं, वहिनी. मी चुकले. आणि मग खोटं बोलले."

सुमित्रानं एकेक फोटो उचलून पाहिला.

"ह्यो खांब दिसतोय," ती म्हणाली. "खांब काय कुस्ती खेळत होता?"

"नाही."

"वीस दिवस फोन करतीया मी. पाया पडायचं तेवढं राहिलं होतं. आणि तुम्ही पुणं सांगत होता?"

शाल्मलीनं मान खाली घातली.

दिगंबर मात्र हसला. "जाऊ द्या की. त्यात काय एवढं? त्या गड्याला बोलावतो. तालमीत माती हाय, लंगोट हाय. परत ढाक मारून दाखवतो. घ्या निवांत. कोण विचारतंय कधीचा फोटो म्हणून?"

शाल्मलीनं वर पाहिलं.

तिचा हात आता तयार होता. फोटो स्वच्छ आला असता. तालमीच्या भिंतीवर लागला असता, वर्तमानपत्रातही. कुणाला काही कळलं नसतं. सुमित्राचा रागही कदाचित निवळला असता.

"नको, भाऊ," ती म्हणाली. "ती ढाक जत्रेत लागली. मला ती घेता आली नाही. गेली ती गेली."

"मग आता काय काढणार?"

"तुम्ही असे बसलाय, तसाच काढते. चालेल?"

"गुडघ्याला फडकं गुंडाळलेला?"

"हो."

दिगंबर पुन्हा हसला. शाल्मली सुमित्राकडे वळली.

"वहिनी, तुमचाही काढू?"

"काढा," सुमित्रा दारात उभी राहत म्हणाली. "पण मी हसणार न्हाई."

"नका हसू."

शाल्मली मातीत उकिडवी बसली. पुढे दिगंबर, मागे चौकटीत सुमित्रा. दोघांत सात-आठ फुटांचं अंतर. लेन्स लांबची, एकावर धरली की दुसरं सुटत होतं. तिनं डावा हात फिरवला. दिगंबर स्वच्छ झाला, त्याच्या कानाची मोडलेली पाळीसुद्धा दिसली. ती थांबली. मग हात पुढे फिरवला.

एकच फोटो काढला. सुमित्रानं चहाचं विचारलं नाही. शाल्मली निघाली.

दुसऱ्या दिवशी तिनं तो फोटो मास्तरांच्या टेबलावर ठेवला. ती बसली, आणि काही न विचारता बसून राहिली.

मास्तरांनी हातातलं काम पुरं केलं. हात पुसले. फोटो खिडकीशी नेला.

"पैलवान पुसट आहे," ते म्हणाले.

"हो."

"हात चुकला?"

"नाही. दोघांतलं एकच धरता येत होतं."

"दारात कोण आहे?"

"त्यांची बायको."

"कुणावर रागावलीय?"

"माझ्यावर."

मास्तरांनी भिंग घेतलं. सुमित्राच्या डोळ्यांवरून ते हळूहळू फिरवलं. कितीतरी वेळ पाहत राहिले...

मग भिंग मिटून खिशात टाकलं.

"राग किती स्वच्छ आलाय," ते म्हणाले.