आमदाराचा नारळ

एका राज्यात अशी रीत होती, की प्रत्येक खोऱ्यातल्या लोकांनी आपला एक माणूस निवडून राजसभेत पाठवायचा. त्याला आमदार म्हणत. दुसरीही एक रीत होती. कामाचा नारळ जो आमदार फोडेल, त्याचं नाव तिथल्या दगडावर कोरलं जाई. काम पुरं करणाऱ्याचं नाव मात्र कुठेच लागत नसे. त्यामुळे त्या राज्यात नारळ भराभर फुटत आणि कामं रखडत.

त्यातल्या एका खोऱ्यात मधून नदी वाहत होती. बाजार आणि वैद्य अलीकडे, निम्मी वस्ती पलीकडे. पावसाळ्यात नदी भरली की पलीकडच्यांचे हाल कुत्रं खात नसे. आधीच्या आमदाराने पुलाचा नारळ फोडला, खांब उभे केले, आणि मग पैसे संपले. पाठोपाठ त्याची मुदतही संपली.

पुढच्या निवडणुकीत लोकांनी गुळाचा एक व्यापारी निवडून दिला. माणूस मनाचा चांगला होता. त्याची थोरली बहीण पलीकडेच दिली होती, म्हणून पुलाचं दुखणं त्याला घरचंच होतं. राजसभेत त्याने हट्टाने पैसे मिळवले.

खजिनदार म्हणाला, "पैसे एकाच कामापुरते आहेत. जुन्या खांबांवर फळ्या टाकल्यास तर या उन्हाळ्यात पूल होईल. नवा बांधायला घेतलास तर दोन-तीन उन्हाळे जातील. काय ते तू ठरव."

आमदार खुशीत गावी आला. पण बरोबरची माणसं म्हणाली, "साहेब, तिथल्या दगडावर नाव आधीच्या आमदारांचं आहे. पैसे आणले तुम्ही आणि लोक गुण गाणार त्यांचे. पुढच्या खेपेला तुम्हाला कोण विचारतो?"

ते त्याच्या मनात घर करून बसलं. तो बहिणीकडे गेला आणि तिला सगळं सांगितलं.

बहीण म्हणाली, "अरे, आम्हाला कुठं वाचता येतंय? नाव कुणाचं का असंना, पावसात आम्हाला अलीकडं येता आलं म्हणजे झालं."

"अक्का, तुला राजकारण कळत नाही," असं हसत म्हणून, ताक पिऊन तो परतला.

आठवड्याभरात त्याने नदीच्या थोडं वरच्या अंगाला नवा नारळ फोडला. ढोल वाजले, लाडू वाटले. खरं सांगायचं तर पलीकडच्यांनीही लाडू खाल्ले आणि टाळ्या वाजवल्या. दगडावर नाव मोठ्या झोकात कोरलं गेलं.

पाऊस आला आणि पायाचे खड्डे पाण्याने भरले. श्रावणात अक्का तापाने फणफणली. निरोप मिळताच आमदार वैद्याला घेऊन काठावर आला, पण त्या पुरात नाव घालायला नावाडी तयार होईना. जुने खांब फळ्यांवाचून उभे होते. इकडे पावसाने धुतलेल्या दगडावर त्याचं नाव लांबूनही वाचता येत होतं. दुसऱ्या दिवशी पलीकडून कोणीतरी पांढरं फडकं हलवलं. तो काय ते समजला आणि चारचौघांत लहान मुलासारखा रडला.

पुढच्या निवडणुकीत तो पडला. नव्या आमदाराकडे जाऊन तो म्हणाला, "मी चुकलो. तुम्ही त्या जुन्या खांबांवर फळ्या टाका."

नवा आमदार ओशाळून म्हणाला, "पटतं हो. पण तिथे त्यांचं नाव, वरच्या अंगाला तुमचं. मी माझं कुठे लावू?"

सकाळी व्यापारी घण घेऊन नदीवर गेला आणि त्याने आपल्या नावाचा दगड फोडला. मग तो पहिल्या आमदाराच्या ओसरीवर जाऊन बसला आणि अक्का कशी गेली ते सांगितलं. म्हातारा ऐकून उठला. मग त्याने पायात वहाणा घातल्या. खांबाजवळचा दगड दोघांनी मिळून फोडला.

नव्या आमदाराने तिथेच आपला नारळ फोडला आणि त्या उन्हाळ्यात पूल झाला. पहिल्या दिवशी गर्दीतून व्यापारीही पलीकडे गेला. अक्काच्या अंगणात थोडा वेळ एकटाच बसला आणि त्याच पुलावरून परत आला.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच, की ज्याला स्वतःचं नाव वेळेवर बाजूला ठेवता येत नाही, त्याच्या हातून लोकांचं काम वेळेवर होत नाही.