लुबांदाची रेघ

फार वर्षं झाली बघा या गोष्टीला. आपल्या समुद्रापलीकडे, आफ्रिकेतल्या एका रुंद नदीच्या काठी सातच गावं किलुवे बोली बोलायची. मोठी गोड बोली, पण लहरी! शब्द तोच, सूर चढवला की एक अर्थ, उतरवला की भलताच. ‘लेंबा’ चढ्या सुरात म्हटलं की ‘ये’. उतरत्या सुरात म्हटलं की ‘राहा, येऊ नको’.

तिथं लुबांदा नावाचा ढोलकरी होता. त्याचा ढोल नुसत्या चढ्या-उतरत्या थापांनी बोलायचा आणि पैलतीरावरच्या बायका चुलीपाशी बसल्या बसल्या त्याला उत्तर द्यायच्या, असं म्हणतात. काय दिवस होते ते!

मग एक पाद्रीबाबा आले. त्यांनी या बोलीला अक्षरं दिली. माणूस भला, पण सुराच्या बाबतीत अगदीच ढ. चढ-उतार काही त्यांनी लिहायला शिकवला नाही. तरी चिठ्ठ्यांची नवलाई अशी, की ढोल मागं पडला.

लुबांदाची एकुलती एक लेक, मुसोले, पैलतीरी दिली होती. एका पावसाळ्यात तिची चिठ्ठी आली. ‘बाबा, लेंबा.’ एवढंच.

नावाडी म्हणाला, “येता का? पाणी चढतंय. नंतर नाव मिळायची नाही.”

लुबांदानं मनाशी ‘राहा’ वाचलं. “लेकीची माया बघा! बापानं पुरात पडू नये म्हणते!” कौतुकानं गावभर सांगत सुटला वेडा.

नवव्या दिवशी पूर ओसरला आणि जावई आला. दारातूनच म्हणाला, “बाबा, तापानं गेली हो ती. शेवटपर्यंत विचारत होती, नाव दिसते का. तुम्हाला ये म्हणाली होती.”

लुबांदा ढसाढसा रडला. मग त्यानं कोळसा घेतला आणि चिठ्ठीतल्या त्या शब्दावर एक उभी रेघ ओढली, चढ्या सुराची. त्या क्षणी कोपऱ्यातला ढोल आपसूक वाजला आणि सातही गावांनी तो ऐकला, असं म्हणतात. पुढं लुबांदा गावोगाव हिंडला. चढ्या सुरावर रेघ, उतरत्या सुराखाली ठिपका, हे त्यानं लहानथोरांना शिकवलं. पाद्रीबाबांनाही सोडलं नाही.

आता तो ढोल कुणी वाजवत नाही. पण रेघेला सगळे लुबांदाची रेघ म्हणतात. घाईत लिहिणाऱ्याकडून ती कधी राहूनही जाते. तशी चिठ्ठी आली, तर ये म्हटलंय की राहा, हा घोळ तिथं कुणी घालत बसत नाही. लुबांदाचं नाव घेतात आणि नावेत बसतात.