झुंबररावांचा पूल

फार पूर्वी, जनावरांचाही महापौर असायचा तेव्हा, ओढ्यापलीकडची जांभळं खायला मिळावीत म्हणून सगळ्यांनी झुंबरराव माकडाला निवडून दिलं. "पूल बांधतोच!" म्हणत त्यांनी भूमिपूजनाचा नारळ फोडला. खोबरं गोड निघालं. मग काय, रोज भूमिपूजन, रोज ढोल! खोबरं महापौरांच्या पोटात, करवंट्या ओढ्यात.

"अहो महापौर, पूल कुठाय?" म्हातारी शेळी विचारी.

"काम चालू आहे, आजी!"

होता होता करवंट्यांनी ओढाच बुजला. झुंबररावांनी टुणकन उडी मारून फीत कापली. "बघा, शब्द पाळला!"

जनावरं नाचत, फुगड्या घालत पलीकडे गेली. जांभळं अशी गोड, की कुणी परतलंच नाही.

झुंबरराव अलीकडून ओरडले, "अहो, माझ्या सत्काराचा हार कुठाय?"

शेळी तोंडातलं जांभूळ चघळत म्हणाली, "काम चालू आहे, साहेब!"