टॉवर कोंडवाड्यात

हिवरवाडीचा मोबाइल टॉवर अंगणवाडीच्या छपरावर कलला होता आणि वारा सुटला की करकरायचा. तो उभारणारी कंपनी दुसरीने घेतली, दुसरीला तिसरीने गिळलं. मालक शोधता शोधता सरपंच सुंदराबाईंच्या नाकी नऊ आले. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवी.

अखेर तिसऱ्या कंपनीचे दिघावकर साहेब पंचायतीत आले आणि खुर्चीत रेलून म्हणाले, "बाई, आम्ही कंपनी घेतली, गिऱ्हाईक घेतलं. टॉवर घेतला नाही. हे मोठे व्यवहार तुम्हाला नाही कळायचे."

"लेकरांच्या डोक्यावर पडल्यावर कळतील का हो? टॉवर तुमचा नाही, नक्की?"

"मुळीच नाही!"

वैतागलेल्या सुंदराबाईंनी शिपायाला हाक मारली. "गणपा, बेवारशी जनावर आपण कुठं घालतो?"

"कोंडवाड्यात, बाई."

"मग जा, टॉवरची वीज तोड आणि त्याच्या फाटकाला कोंडवाड्याचं कुलूप घाल."

साहेब ताडकन उठले. "अहो, थांबा! अख्ख्या तालुक्यातले आमचे फोन बंद पडतील!"

"आला बाई धनी एकदाचा!" सुंदराबाई म्हणाल्या. "आता आधी तुमचं जनावर सरळ उभं करा, साहेब. तोवर कुलूप माझ्या हातात आहे."